बोटीचं तेल आम्ही घरीच बदललं

लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा आमच्या अंगणात एक मोटारबोट होती आणि गावच्या तळ्यात पाणी नव्हतं. सासर परांड्यापासून तीन कोसांवर, मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. माहेर बार्शीचं, म्हणजे इंग्रजी मुलखातलं. अंतर काही फार नव्हतं, पण बार्शीच्या लोकांना वाटायचं की मोगलाईत अजून दिवासुद्धा पोचलेला नाही. माझ्या मावशीनं निघताना मला दोन कंदील बांधून दिले होते. मोटारबोटीबद्दल मात्र मला कोणी काही बोललं नव्हतं.

बोट लाकडी होती, हिरव्या रंगाची, चार माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी, आणि मधोमध एक लोखंडी इंजिन. दोन ओंडक्यांवर ती टेकवून ठेवली होती. तिच्यात कोंबड्या अंडी घालत. मी पहिल्यांदा बोटीत चढले ती अंडी काढायला.

माझे यजमान डॉक्टर. हैदराबादला राहून उर्दूतून डॉक्टरी शिकून आलेले. त्यामुळं हाडांची, दुखण्यांची, औषधांची नावं त्यांना उर्दूतून यायची आणि बाकीचं बोलणं इथल्या मराठीतून. इंग्रजी वाचता येई, पण चार ओळी झाल्या की कपाळ धरून बसत. माणूस मोठा शांत. एखाद्या गोष्टीचा निकाल लागला नाही तर ते तिच्याकडं आजारी माणसाकडं पाहावं तसं पाहत बसायचे, आणि माझ्याकडंही ते बऱ्याचदा तसंच पाहत.

तळं जुन्या काळी बांधलेलं, चांगलं ऐसपैस. भरलं की अलीकडं आमचं गाव, पलीकडं तीन गावं आणि मधे सगळं पाणी. पलीकडच्या रोग्याला बैलगाडीनं वळसा घालून यायला अर्धा दिवस लागे. नाहीतर काहील होती. उसाचा रस आटवायची ती मोठी लोखंडी कढई. गुऱ्हाळाचे दिवस नसले की तीच पाण्यात सोडायची आणि आत बसून पलीकडं जायचं. गोल असल्यामुळं ती सरळ जात नाही, गरगर फिरत जाते. ती चालवणारा एक कोळी होता, पन्नाशीचा, कमी बोलणारा. यजमान एकदा त्याच्या काहिलीतून एका तापकऱ्याला बघायला गेले आणि पोचल्यावर स्वतःच त्याच्या शेजारी आडवे झाले. तापकऱ्यानं उठून त्यांना लिंबाचं सरबत पाजलं. त्यानंतर त्यांनी सोलापूरला जाऊन बोट आणली. तिथल्या कुणा शौकीन गृहस्थानं ती हवा खायला घेतली होती आणि त्याला तिचा कंटाळा आला होता.

ती बैलगाडीवरून आली. वाटेतल्या गावांत बायांनी तिला हळदकुंकू लावलं. एका म्हाताऱ्यानं यजमानांना विचारलं, "देव कंचा म्हनायचा ह्यो?"

"देव न्हाय, बोट हाय," यजमान म्हणाले.

"बरं बरं," म्हातारा म्हणाला, आणि नारळ वाहून गेला.

माझ्या लग्नानंतरच्या श्रावणात तळं भरलं आणि बोट पाण्यात उतरली. इंजिनाच्या जाड चाकाला दोरी गुंडाळून ती जोरात ओढली की ते खोकत खोकत सुरू व्हायचं. सगळा पावसाळा बोट छान चालली. बायकांच्या दुखण्याला मी बरोबर असले की बरं पडे, म्हणून मीही जात असे. बोट अर्थात तेच चालवत. जर्मनीशी लढाई चालू होती, पेट्रोल मोजून मिळे, पण डॉक्टर म्हणून आम्हाला पेट्रोलचा परवाना होता. दिवाळी झाली आणि बोट काळा धूर सोडायला लागली. मधेच आत कसलेतरी ठोके पडायचे. एका सकाळी यजमानांनी रोगी तपासायची नळी कानाला लावली आणि इंजिनावर इथं तिथं ठेवून बराच वेळ ऐकलं.

"छातीत घरघर हाय," ते म्हणाले. "डाव्या बाजूला."

"इंजिनाची डावी बाजू कुठली?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. "तू बसतीस ती."

सोलापूरच्या मिस्त्रीला कार्ड टाकलं. त्याचं उत्तर आलं की लढाईच्या लॉऱ्यांमुळं सवड नाही, तेल बदलून बघा, अगदी सोपं आहे, घरी करता येतं.

बोटीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. ते दवाखान्यातल्या टेबलाच्या आखूड पायाखाली होतं. तिथं मी एक वीट ठेवली आणि पुस्तक घेतलं. मी बार्शीला इंग्रजी चौथीपर्यंत शिकले होते, म्हणजे घरात इंग्रजीच्या बाबतीत माझ्यावर अपील नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं की इंजिन पन्नास तास चाललं की तेल बदलावं. आम्ही अख्खा पावसाळा त्याच तेलावर काढला होता, आणि आधीच्या गृहस्थांनी ते कधी बदललं असेल असं वाटत नव्हतं.

"जुनं तेल काढायला आधी संप शोधावा," मी वाचून सांगितलं.

"संप?" यजमान म्हणाले. "संप गिरणीत व्हतो. इंजिनात कसला?"

मलाही ते विचित्र वाटलं. शब्दकोश काढला. त्यात अर्थ दिला होता: घाण पाणी साचण्याचा खड्डा. पुढं पुस्तकात म्हटलं होतं की त्याच्या तळाशी एक बूच असतं, ते फिरवून काढलं की सगळी घाण आपोआप बाहेर पडते. हे ऐकून यजमानांचा चेहरा खुलला. घाण पाणी साचायचा खड्डा बोटीत कुठं आहे ते आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं. मागच्या फळ्यांखाली, सगळ्यात खोल जागी, कायम वीतभर काळं पाणी असायचं, आणि तिथं तळाला एक पितळी बूचही होतं.

बोट घाटाच्या पायऱ्यांना बांधलेली होती. यजमान फळ्या उचलून उकिडवे बसले, पान्यानं बूच सैल केलं आणि हातानं फिरवून काढलं. ते त्यांच्या हातातून निसटून फळ्यांखाली घरंगळलं. त्याच क्षणी भोकातून स्वच्छ, थंडगार, चांगली जाड धार वर आली.

आम्ही दोघं थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिलो.

"तेल लई पातळ झालंय," यजमान म्हणाले.

"रंगही गेलाय," मी म्हणाले.

"खून की कमी."

मी ओंजळीत घेऊन वास घेतला, मग जिभेला लावलं. "अहो, हे तळं आहे."

त्यांनी ताबडतोब उजव्या हाताचं बोट भोकात घातलं. धार थांबली. आता ते जागचे हलू शकत नव्हते आणि बूच शोधायचं काम माझ्याकडं आलं. मी एकेक फळी उचलून खाली चाचपडू लागले. तेवढ्यात पायऱ्यांवर एक शेतकरी आपल्या आईला घेऊन आला. दवाखान्यात कोणी नाही बघून कोणीतरी त्यांना इकडं पाठवलं होतं.

"डाक्टरसाब, काय झालं?" त्यानं विचारलं.

"काय न्हाय. बोट भोकात हाय."

"मग काढा की भाईर."

"काढलं तर बोट बुडंल."

शेतकऱ्यानं हे मनाशी दोनदा घोळवलेलं दिसलं. मग तो आईला म्हणाला, "आये, डाक्टरसाबचं आज बरं न्हाय."

पण म्हातारी तीन कोस चालून आली होती, ती परत जाणार नव्हती. ती खालच्या पायरीवर बसली आणि तिनं खोकल्याची हकीगत सुरू केली. यजमानांनी तिला तिथूनच जीभ दाखवायला सांगितली. मग डावा हात लांब करून नाडी बघितली. त्यासाठी म्हातारीला पाण्यात गुडघाभर उतरावं लागलं. दुसऱ्या फळीवरची लाल बाटली दवाखान्यातून घ्या, दिवसातून तीनदा चमचाभर, आंबट खायचं नाही, असं सगळं त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितलं. म्हातारी समाधानानं गेली. तिच्यामागं आणखी दोघं आले, त्यातल्या एकाला काहीच झालेलं नव्हतं, त्याला फक्त बघायचं होतं.

पाचव्या फळीखाली मला एक अंडं सापडलं. सहावीखाली बूच सापडलं. यजमानांचं बोट तोवर पांढरं पडून सुरकुतलेलं होतं, आणि दिवसभर ते कशालाही लावलं तरी त्यांना काही कळत नव्हतं. पाणी आम्ही तांब्यानं उपसलं.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक नीट वाचलं. चित्रंही बघितली, जी आदल्या दिवशीच बघायला हवी होती. संप म्हणजे इंजिनाच्याच पोटातली तेलाची जागा होती. तिलाही खाली बूच होतं, पण इंजिन आणि बोटीचा तळ यांच्यामधे चपातीसुद्धा सरकली नसती. अशा वेळी, पुस्तकात लिहिलं होतं, तेल मोजायची सळई ज्या भोकात असते त्यातून नळी आत सोडावी आणि पंपानं तेल वर खेचावं. शेजारी एका छानशा पितळी पंपाचं चित्र होतं.

"असला पंप कुठनं आणायचा?" मी म्हणाले.

"पंप हाय की आपल्याकडं," यजमान म्हणाले आणि दवाखान्यात गेले.

ते एनिमाचा पंप घेऊन आले. लांब रबरी नळी, मधे एक रबरी फुगा. फुगा दाबला की एका टोकानं खेचायचं आणि दुसऱ्यानं सोडायचं.

"हा?" मी म्हणाले.

"उकळून घेतलाय."

पुस्तकात असंही होतं की आधी इंजिन गरम करावं, म्हणजे तेल सैल होतं. यजमान म्हणाले की शेकायला गरम पाण्याच्या पिशव्या दोनच आहेत. मी म्हणाले की चालवून गरम करायचं आहे. तसं केलं. मग त्यांनी सळई काढली, नळीच्या टोकाला सवयीनं थोडं व्हॅसलिन लावलं आणि नळी आत सोडली. मी दुसरं टोक घासलेटच्या रिकाम्या डब्यात धरलं. ते फुगा दाबायला लागले. आधी काही नाही, मग नळी एकदा उचकली आणि काकवीसारखं दाट काळं तेल डब्यात पडायला लागलं.

घाटावर धुणं धुणाऱ्या चौघीजणी होत्या. त्यांनी धुणं थांबवलं. दवाखान्यातला तो पंप गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता. बऱ्याच वेळानं त्यांतली वडीलधारी बाई माझ्याजवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, किती दिवस झालं हिला व्हत न्हवतं?"

"दोन वर्षं तरी झाली असतील," मी म्हणाले.

तिनं तोंडावर पदर धरला. "मग बरं केलं," ती म्हणाली, "पर लई उशीर केला."

त्या दिवसापासून दवाखान्यात एक फरक पडला. पोट साफ होत नाही म्हणून येणारे रोगी आले, बसले, की ते लगबगीनं विचारत, "त्योच पंप व्हय?" यजमान खोटं बोलत नसत. मग रोगी जरा वेळ बसून म्हणत, आता बरं वाटतंय, आणि उठून जात. बहुतेकांना खरंच बरं वाटत असावं, कारण ते पुन्हा आले नाहीत.

इंजिनाचं पोट रिकामं झालं, पण त्यात घालायला तेल नव्हतं. मोटारीचं तेल सगळं लढाईवर गेलेलं. परांड्याच्या बाजारात आमच्या ओळखीचे एक तेलाचे व्यापारी होते, त्यांना सगळे अप्पा म्हणत. लिंगायत, मूळचे मुरुमचे, अंगानं भरदार, आणि आपल्या घाण्याच्या तेलावर त्यांचा फार जीव. माझ्याशी बोलताना ते मला अक्का म्हणत. त्यांना आम्ही अडचण सांगितली.

"करडईचं न्या," अप्पा लगेच म्हणाले. "डोळे झाकून न्या. या तेलावर दोन तालुक्यांतली लग्नं होत्यात."

"पुस्तकात लिहिलंय चांगलं जड तेल हवं," मी म्हणाले.

अप्पांनी पळी भरून तेल वर उचललं आणि धार सोडली. "ह्याच्यापेक्षा जड अजून कसलं असतं, अक्का? बघा, कसं पडतंय. घाई न्हाय, गडबड न्हाय."

यजमानांचं म्हणणं होतं की एरंडेल चाललं असतं, पण एरंडेल दोनच बाटल्या होतं आणि ते माणसांना लागे. मी शिवणाच्या मशीनला खोबरेल घालत असे आणि मशीन चालत होतं, म्हणून मीही मान डोलावली. आम्ही डबाभर करडईचं तेल घेतलं आणि इंजिनात ओतलं.

इंजिन पहिल्या ओढीला सुरू झालं. ठोके गेले, धूर गेला. आवाज इतका मऊ की यजमानांनी कानाला नळीसुद्धा लावली नाही. थोडं गरम झालं आणि भज्यांचा वास यायला लागला.

सगळ्या तळ्यावर तो वास पसरला. पलीकडच्या गावची माणसं आम्ही दिसायच्या आधीच काठावर येऊन उभी असत. एका घरी ताप बघायला गेलो तर तापकऱ्याच्या आईनं आधी माझ्या हातातली पिशवी चाचपली. यजमान संध्याकाळी घरी परतले की कपडे बदलायच्या आत विचारत, "भजी कराया किती वेळ लागंल?" चार दिवस ओळीनं मी भजी केली. चौथ्या दिवशी मी म्हणाले की बेसन संपलं. ते माझ्याकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघत राहिले.

पाचव्या दिवशी अप्पा आले. त्यांच्या तेलावर बोट चालते ही बातमी परांड्यात पोचली होती आणि त्यांना ती डोळ्यांनी बघायची होती. बरोबर दोन खणांचा मोठा पितळी डबा होता, त्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ते मधोमध बसले तशी बोट चार बोटं खाली गेली. त्यांना पोहता येत नव्हतं, पण ते म्हणाले की आपल्याच तेलाची काय भीती.

तळ्याच्या बरोबर मध्यावर इंजिनाचा आवाज जड झाला. मग ते कण्हल्यासारखं करायला लागलं, आणि एक हिसका देऊन थांबलं. यजमानांनी दोरी गुंडाळून ओढली. चाक हललं नाही. दोघांनी मिळून ओढली. दोरीच तुटली आणि यजमान अप्पांच्या मांडीवर बसले.

ते उठले, नळी कानाला लावली आणि इंजिनावर तीन ठिकाणी ठेवून बघितली.

"काय म्हणतंय?" अप्पांनी विचारलं.

"काईच आवाज न्हाय."

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली.

मी तेल भरायच्या तोंडाचं झाकण उघडलं आणि आत बोट घातलं. बाहेर काढलं तर त्याला तपकिरी, चिवट, च्यवनप्राशासारखं काहीतरी लागलं होतं आणि त्याची तार निघत होती. अप्पांनी ती तार आपल्या दोन बोटांत धरली, ताणली, वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम ओळख दिसली.

"रोगण," ते म्हणाले. "करडईचं तेल लई वेळ तापवलं की हे होतंय. आमचे आजोबा मुरुमला करायचे. चामड्याच्या मोटेला लावतात, अक्का. वर्षानुवर्षं सडत न्हाय. घट्ट बसतंय."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"रोगण होतंय हे माहीत होतं," अप्पा म्हणाले. "इंजिनात होतंय हे न्हवतं माहीत."

त्यांच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. प्रश्न काठावर जायचा होता. बोटीला दोन वल्ही होती, पण यजमानांच्या मते मोटारबोटीत वल्ही ठेवणं म्हणजे तिचा अपमान, त्यामुळं ती घरी होती. एक मी मागच्या दाराला अडसर म्हणून लावत असे आणि दुसऱ्यावर त्या सकाळी रजई वाळत घातली होती. मग डब्याची दोन झाकणं घेऊन अप्पा एका बाजूला आणि यजमान दुसऱ्या बाजूला पाणी मारायला लागले. अप्पांच्या हातात जोर फार. बोट जागच्या जागी फिरायला लागली. त्यांनी बाजू बदलल्या, तेव्हा ती उलटी फिरायला लागली. शेवटी यजमानांना गरगरायला लागलं आणि आम्ही थांबलो. उन्हं चढली होती. अप्पांनी डबा पुढं ओढला आणि आम्ही तिघांनी भाकरी खाल्ली. चटणी उत्तम होती. अप्पा म्हणाले की तिच्यात पण तेच तेल आहे.

खाऊन होईपर्यंत लांबून काहील येताना दिसली. मधे एकटा कोळी उभा, हातात वल्हं, फिरत फिरत सावकाश येत होता. त्याचं तोंड एकदा आमच्याकडं होई, एकदा पाठ. तोंड आमच्याकडं असेल तेवढ्यात तो एकेक वाक्य बोले.

"रामराम डाक्टरसाब."

मग पाठ झाली.

"बसली व्हय?"

"बसली," यजमान म्हणाले.

पुन्हा पाठ झाली, पुन्हा तोंड आलं. "म्या म्हनलं, आज वास कसा यीना."

आमची बोट आल्यापासून त्याच्या काहिलीत फारसं कोणी बसत नव्हतं. तो हे बोलून दाखवील असं मला वाटलं. पण त्यानं बोटीच्या नाकाला दोर बांधला, दुसरं टोक काहिलीच्या कडीला बांधलं आणि वल्हं मारायला सुरुवात केली. काहील फिरली, तसा दोर तिच्याभोवती गुंडाळला गेला. आणखी फिरली, दोर आणखी गुंडाळला, आणि आमची बोट तिच्याकडं ओढली जाऊन ठण्णकन आपटली. मग त्याला तितकेच वेढे उलटं फिरून दोर सोडवावा लागला. तो सुटेपर्यंत आम्ही पुन्हा मूळ जागी आलो होतो. असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी अप्पांनी विचारलं की सरळ का नेत नाही.

"गोल हाय नव्हं," कोळी म्हणाला.

चौथ्यांदा त्यानं दोर सोडून टाकला, काहील बोटीच्या मागं आणली आणि यजमानांना सांगितलं की मागं वाकून काहिलीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरा. यजमानांनी धरली. आता काहील फिरू शकत नव्हती, म्हणून ती सरळ जायला लागली आणि आम्हाला पुढं ढकलत नेऊ लागली. यजमान आणि कोळी एकमेकांपासून हातभर अंतरावर, तोंडासमोर तोंड, दीड तास होते. कोळ्यानं तेवढ्यात आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगून घेतलं, आणि यजमानांना ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं लागलं. घाटावर गाव जमलं होतं. बोट लागली तेव्हा कोळी यजमानांना म्हणाला, "उद्याच्याला पल्याड जायाचं आसंल तर सकाळी या. ऊन नसतंय."

"येतो," यजमान म्हणाले. पुढचे बरेच दिवस ते खिशात लिंबू घेऊन काहिलीतून जात होते.

इंजिन उघडून साफ करायचं मी अंगावर घेतलं. यजमानांना आवड होती, पण त्यांना सुटे भाग ठेवल्या जागी सापडत नसत. परांड्याहून कुर्डुवाडीला जाणाऱ्या मोटारीचा ड्रायव्हर त्याच सुमारास हाताचं गळू घेऊन दवाखान्यात आला. त्याला मी उघडलेलं इंजिन दाखवलं. तो मोटारीच्या धंद्यात मुरलेला माणूस होता. त्यानं आत वाकून पाहिलं.

"भाभी," तो म्हणाला, "इसमें पकाया क्या था?"

मी सांगितलं. त्यानं हसू दाबलं असावं, कारण त्याला गळूवर हात ठेवायला लागला. मग त्यानं सगळं समजावून सांगितलं: घासलेटमधे भिजत घालायचं, बोथट सुरीनं खरवडायचं, पुन्हा भिजत घालायचं, घाई करायची नाही, आणि खायचं तेल इंजिनाला कधी दाखवायचंसुद्धा नाही. मला अकरा दिवस लागले. एक सुरी मोडली, दोन फण्यांचे दात गेले, आणि माझ्या हातांना असा वास बसला की चहाला घासलेट लागतं अशी तक्रार घरात येऊ लागली. गळू बरं झाल्यावर ड्रायव्हर मोटारीच्या तेलाचा एक लहान डबा घेऊन आला. कुठून आणला ते आम्ही विचारलं नाही.

दुसऱ्यांदा तेल मीच घातलं. सकाळची वेळ, घाटावर त्याच चौघी. यजमानांना मी डबा धरून बसायला सांगितलं आणि दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही असंही सांगितलं. त्यांनी ते पाळलं. सळईवरच्या खुणेपर्यंत तेल आलं, मी सळई पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा बघितली, झाकण लावलं. नवी दोरी चाकाला गुंडाळून ओढली. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं. मला इतका आनंद झाला की मी नुसती दोरी हातात धरून उभी राहिले. यजमान म्हणाले, "वास येत न्हाय." त्यांच्या आवाजात थोडी हळहळ होती.

आम्ही तसेच पलीकडं गेलो. तिथल्या एका घरी बाळंतीण अडली होती, तिची दुपारी सुटका झाली, मुलगी झाली. मुलीच्या आज्यानं खुशीनं शेळीचं एक करडू आणून बोटीत ठेवलं. नको म्हटलं तर तो ऐकेना. करडाला बोट पसंत नव्हती आणि ते सारखं उडी मारायला बघत होतं, म्हणून यजमानांनी त्याला मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी गच्च धरलं. परत येताना बोट मी चालवली.